होई आनला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनामच्या या नदीकाठच्या जुन्या गावात मी दोनदा राहून आले. पहिल्या खेपेला नवऱ्याबरोबर चार दिवस, दुसऱ्या खेपेला आई आणि सासूबाईंना घेऊन आठवडाभर. तेव्हापासून नात्यातलं, ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून तेच ते प्रश्न विचारतं. मला ते गाव मनापासून आवडलंय आणि लोक तिथे एका संध्याकाळीपुरते जाऊन येतात याची खरंच हळहळ वाटते. म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून काढते आहे.

होई आन आहे कुठे, आणि तिथे एवढं काय आहे?

मध्य व्हिएतनामच्या किनाऱ्यावर, थू बोन नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे. सोळाव्या-सतराव्या शतकात हे मोठं बंदर होतं. रेशीम, दालचिनी, चिनी मातीची भांडी असा माल इथून जायचा. जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांनी इथे पेठा वसवल्या, पोर्तुगीज आणि डच जहाजंही येत. युरोपीय लोक या गावाला ‘फायफो’ म्हणत. पुढे नदीचं मुख गाळाने भरत गेलं, मोठी जहाजं आत येईनाशी झाली आणि व्यापार उत्तरेला दा नांगकडे सरकला. गावाची भरभराट थांबली, पण त्यामुळेच जुनी घरं पाडून नवी बांधायची वेळ कुणावर आली नाही. युद्धातही जुनी पेठ बरीचशी शाबूत राहिली. १९९९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पत्ता शोधताना एक लक्षात ठेवा. पूर्वी होई आन क्वांग नाम प्रांतात होतं. १ जुलै २०२५ पासून तो प्रांत दा नांग शहरात विलीन झालाय. जुन्या माहितीत ‘क्वांग नाम’ आणि नव्या माहितीत ‘दा नांग’ दिसलं तरी गाव तेच.

किती दिवस ठेवावेत?

तीन रात्री तरी. बऱ्याच सहलींमध्ये दा नांगहून दुपारी चार वाजता बस येते, कंदील लागले की फोटो होतात आणि नऊला परत. तेवढ्या वेळात फक्त गर्दी दिसते. गाव दिसायचं असेल तर तिथे झोपून सकाळी उठायला हवं.

कोणत्या महिन्यात जावं?

फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात चांगले. मे ते ऑगस्ट कोरडे असतात, पण ऊन कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देणारं. दुपारी बारा ते तीन बाहेर पडायचंच नाही असं ठरवलं तर निभतं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष, ‘तेत’, येतं. तेव्हा गाव सजलेलं असतं, पण पुष्कळ दुकानं बंद आणि गाड्यांची तिकिटं महाग.

खरी सावधगिरी बाळगायची ती सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये. आपला पाऊस ओसरतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत जायचा बेत सोयीचा वाटला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले पुराचे महिने आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस असाच मोठा पूर आला आणि जुन्या पेठेत होड्या चालल्या. नदीकाठची माणसं पुराला सरावलेली आहेत. सांगली-कोल्हापूरच्या किंवा चिपळूणच्या वाचकांना हे वेगळं समजवायला नको.

न्गुएन थाय होक रस्त्यावरच्या तान की घरात एका भिंतीवर प्रत्येक मोठ्या पुराची रेघ आणि शेजारी वर्ष लिहून ठेवलंय. १९६४ ची रेघ माझ्या डोक्याच्याही वर होती. खाली कोरीव खांब, शिंपले जडवलेलं लाकूडकाम, आणि त्याच भिंतीवर ही नोंद. फुंग हुंग घरात तर माडीच्या जमिनीलाच जाळीची झडप ठेवली आहे. पाणी चढायला लागलं की दुकानातला माल दोराने त्या झडपेतून वर ओढून घ्यायचा. आई ती झडप बघून बराच वेळ उभी राहिली. तिच्या माहेरी कृष्णाकाठी धान्याच्या कणग्या माळ्यावर चढवायचे, तशीच ही सोय, असं म्हणाली.

व्हिसा कसा काढायचा?

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचे ५०. अर्ज व्हिएतनाम सरकारच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच करा. हुबेहूब सरकारी दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत.

मधलं नाव हा आपला खास घोटाळा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि पासपोर्टवर ते ‘दिलेल्या नावा’च्या रकान्यात जोडून येतं. पहिल्या खेपेला आम्ही एका एजंटकडून व्हिसा काढला. त्याने माझं मधलं नाव गाळलं. निघायच्या पाच दिवस आधी ते लक्षात आलं, शुल्क परत मिळत नाही म्हणून नव्याने भरावं लागलं, आणि ते पाच दिवस घरात कुणाचंच लक्ष कशात नव्हतं. पासपोर्टवर जशी आणि ज्या क्रमाने अक्षरं आहेत तशीच भरा, आणि व्हिसा हातात आला की त्याच दिवशी एकेक अक्षर ताडून बघा. दोन छापील प्रतीही जवळ ठेवा.

पोचायचं कसं?

होई आनला विमानतळ नाही, रेल्वे स्थानकही नाही. दा नांगला उतरायचं आणि तिथून साधारण ३० किलोमीटर, पाऊण तास. ग्रॅब अ‍ॅपवरून गाडी मागवली की भाव आधीच दिसतो, घासाघीस उरत नाही. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्हला थेट विमानं आहेत. तिथून दा नांगला देशांतर्गत विमान सव्वा ते दीड तासाचं.

वेळ असेल तर उत्तरेच्या ‘हुए’ शहरापासून दा नांगपर्यंतचा टप्पा रेल्वेने करा. गाडी हाय वान खिंडीला वळसा घालत समुद्राच्या अगदी कडेने जाते. दा नांगकडे येताना डाव्या बाजूची खिडकी मागा.

पैशांचा हिशेब कसा ठेवायचा?

एका रुपयाला साधारण ३०० डाँग. शेवटची तीन शून्यं झाका आणि उरलेल्या आकड्याला तीनने गुणा, की अंदाजे रुपये निघतात. १,२०,००० डाँग म्हणजे ३६० ते ४०० रुपयांच्या घरात.

२०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० चीही निळसर. संध्याकाळच्या उजेडात दोन्ही सारख्या दिसतात आणि फरक दीड हजार रुपयांहून जास्तीचा आहे. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

जुन्या पेठेत शिरायला तिकीट लागतं का?

परदेशी माणसाला १,२०,००० डाँगचं तिकीट असतं. त्यात जुनी घरं, चिनी व्यापाऱ्यांची सभागृहं, संग्रहालयं यांतल्या ठरावीक वास्तू आपल्या पसंतीने बघता येतात. फुकट कसं शिरता येईल हे विचारू नका. याच पैशातून त्या लाकडी घरांची डागडुजी होते.

माझी निवड सांगते: तान की किंवा फुंग हुंग यांपैकी एक घर, आणि फुक किएन सभागृह. तिथे थिएन हाऊ या समुद्रदेवीचं मंदिर आहे. छताला शंकूसारख्या गुंडाळलेल्या मोठमोठ्या उदबत्त्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीला नवस करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. त्या कित्येक दिवस जळत राहतात आणि राख हळूच खाली येते. सासूबाईंनी घरातल्या सगळ्यांची नावं एका चिठ्ठीवर मराठीत लिहिली. तिथल्या बाईंनी काही न विचारता ती टांगली.

जपानी पुलाबद्दल खूप ऐकलंय. बघण्यासारखा आहे?

आहे, पण लहान आहे, आधीच सांगते. १५९३ च्या सुमारास जपानी व्यापाऱ्यांनी तो बांधायला घेतला असं मानतात. वर कौलारू छप्पर, मध्ये एक छोटं देऊळ, एका टोकाला माकडांची जोडी आणि दुसऱ्याला कुत्र्यांची. व्हिएतनामी लोक त्याला ‘चुआ काउ’, म्हणजे पुलावरचं देऊळ, असं म्हणतात.

तिथली दंतकथा आपल्याला तर ऐकायलाच हवी. भूमीखाली एक अजस्र प्राणी आहे. त्याचं डोकं भारतात, धड व्हिएतनाममध्ये आणि शेपूट जपानमध्ये. तो हलला की भूकंप आणि पूर. त्याच्या पाठीत तलवार खुपसल्यासारखा हा पूल नेमक्या जागी बांधला, म्हणजे तो शांत राहील.

२०२२ च्या अखेरीपासून २०२४ च्या ऑगस्टपर्यंत त्याची मोठी दुरुस्ती झाली. उघडल्यावर तो फार नवाकोरा दिसतो अशी तक्रार खूप झाली. मला तसं वाटलं नाही. दमट हवा आणि पाऊस दोन-चार वर्षांत रंग उतरवतीलच. पुलासमोर उभं राहून २०,००० ची नोट काढा, तिच्यावर हाच पूल आहे. मुलांना हा खेळ फार आवडतो.

कंदिलांचा उत्सव कधी असतो?

कंदील रोजच लागतात. पण चांद्रमासाच्या चौदाव्या दिवशी पेठेतले विजेचे दिवे मालवतात आणि नुसत्या कंदिलांचा उजेड उरतो. त्यांचा चांद्रमास आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे भिंतीवरच्या पंचांगातली पौर्णिमा शोधा आणि तिच्या आदल्या दिवसाच्या आसपास मुक्काम ठेवा. त्या रात्री गर्दीही सगळ्यात जास्त असते. वृद्ध माणसं बरोबर असतील तर सहा वाजताच काठावर बसायची जागा धरा.

होडीतून फिरायचे ठरलेले दर फलकावर असतात, ते आधी वाचा. नदीत सोडायचे कागदी दिवे विकणाऱ्या आज्या मागे लागतात. आम्ही एकच घेतला.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. नाही, उपाशी राहणार नाही, पण शब्द माहीत हवेत.

अडचण आहे ती ‘नूक माम’ची, म्हणजे माशाच्या खारवलेल्या रसाची. तो भाजीत, सॅलडवर, चटणीत, सगळीकडे पडतो. ‘मांस नको’ एवढंच सांगितलंत तर मटण-चिकन वगळून हा रस घातलेली भाजी समोर येईल, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्याने तुमचं ऐकलेलंच असेल. म्हणून ‘तोय आन चाय’ असं म्हणा. ‘चाय’ म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. उच्चार आपल्या हिंदीतल्या चहासारखाच, त्यामुळे विसरायची भीती नाही. पिण्याच्या चहाला तिथे ‘त्रा’ म्हणतात. ज्या पाटीवर ‘चाय’ हा शब्द रोमन अक्षरांत दिसेल तिथे बिनधास्त शिरा.

चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ व्हिएतनामी माणसं स्वतःच शाकाहार पाळतात, आपल्या एकादशी-चतुर्थीसारखं. त्या दोन दिवशी एरवी मांसाहारी असलेल्या टपऱ्यांवरही चाय जेवण मिळतं. काटेकोर बौद्ध स्वयंपाकात कांदा-लसूणही टाळतात. जैन वाचकांना मात्र गाजर आणि इतर कंद विचारून घ्यावे लागतील. चाय जेवणात सोयाचं ‘चिकन’ किंवा ‘कोळंबी’ हुबेहूब बनवतात. आईला ते बघूनच नको झालं. तसं असेल तर टोफू, आळंबी आणि पालेभाज्या मागा. लसणीवर परतलेली नाळीची भाजी आणि गरम भात ही आमची रोजची रात्र होती.

होई आनचा खास पदार्थ ‘काव लाउ’. जाड, चावायला घट्ट अशा तांदळाच्या शेवया. पिठाला राखेचं पाणी लावतात आणि ते पाणी बा ले नावाच्या, चाम लोकांच्या (इथल्या जुन्या चंपा राज्यातल्या) विहिरीचंच हवं, असा तिथला आग्रह. मूळ पदार्थात डुकराचं मांस असतं, पण चाय प्रकार सहज मिळतो. ‘बान्ह मी’ या पावाचंही तसंच.

आणि सकाळी रस्त्याकडेला ‘सी मा’ मिळाली तर सोडू नका. काळ्या तिळाची दाट, गरम, गोड पेज असते ती. लहानशी वाटी, रंग शाईसारखा काळा, वास मात्र थेट संक्रांतीचा.

‘मी सन’ला जावं का? ते हिंदू मंदिर आहे ना?

जाच. होई आनपासून साधारण ४० किलोमीटर. इंग्रजी अक्षरांवरून आपण ‘माय सन’ वाचतो, उच्चार ‘मी सन’.

होई आन व्हिएतनामी होण्याच्या कितीतरी आधी हा सगळा प्रदेश चंपा राज्याचा होता आणि थू बोनच्या मुखाशी त्यांचं बंदर होतं. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने मी सनच्या डोंगरी खोऱ्यात शिवाचं मंदिर उभारलं आणि देवाला आपल्या नावावरून ‘भद्रेश्वर’ नाव दिलं. ते लाकडी मंदिर जळालं. सातव्या शतकात शंभुवर्मनने पुन्हा बांधलं आणि नाव ठेवलं शंभुभद्रेश्वर. तेराव्या शतकापर्यंत तिथे मंदिरं उभी राहत गेली. शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत आहेत.

विटा इतक्या नेटक्या बसवल्यात की मधला चुना दिसत नाही. हात फिरवला तर सांधा बोटाला जेमतेम लागतो. त्या विटा कशाने चिकटवल्या यावर अभ्यासक अजून वाद घालतात. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत सगळ्यात मोठा शिखरमनोरा कोसळला. बॉम्बचे खड्डे आता गवताने भरलेत, पण ओळखू येतात. पुढे पोलिश वास्तुरचनाकार काझिमिएझ क्वियात्कोव्स्की यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं या जागेला दिली. होई आनच्या जुन्या पेठेत त्यांचं स्मारक आहे, तिथे दोन मिनिटं थांबा. अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काही मंदिरसमूहांचं जतन केलं. त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं, वालुकाश्माचं एकसंध शिवलिंग जमिनीतून निघालं.

तिथे पूजा होत नाही, ते पुरातत्त्वीय स्थळ आहे. तरी सासूबाईंनी एका गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी चपला काढल्या आणि हात जोडले. पहारेकऱ्याने मान लववून वाट दिली. आदल्या रात्री त्यांनी बॅगेत बेलाची दोन वाळलेली पानं आहेत का म्हणून शोधलं होतं. नव्हती.

पहाटेच निघा. नऊनंतर ऊन आणि बस दोन्ही वाढतात. तिकीट १,५०,००० डाँग, आतपर्यंत विजेवरची गाडी नेते. शिवाय दा नांगला चाम शिल्पांचं संग्रहालय आहे, १९१९ साली उघडलेलं. मी सनहून आणलेला उभा गणपती तिथे आहे, हातातल्या वाडग्यात सोंड घातलेली. मी सनमधल्या रिकाम्या गाभाऱ्यांत काय होतं ते या संग्रहालयात कळतं, म्हणून दोन्ही बघा.

कपडे शिवून मिळतात म्हणे. भरवसा ठेवावा?

ठेवावा, पण वेळ द्यावा. पावलापावलावर शिंपी आहेत आणि ‘चोवीस तासांत’ असं सगळेच म्हणतात. पहिल्याच दिवशी माप द्या आणि दोनदा घालून बघण्याइतके दिवस हातात ठेवा. अंगात नीट बसणारा जुना कपडा नमुन्याला न्या. कापड रेशमाचं की पॉलिएस्टरचं हे स्पष्ट विचारा. नवऱ्याचा सूट उत्तम झाला. माझं साडीचं पोलकं मात्र नमुना नसल्यामुळे बिघडलं.

त्या गोल टोपलीच्या होड्यांत बसावं का?

काम थान्हच्या पाणनारळीच्या झाडीत त्या चालतात. बांबूची विणलेली टोपली, गळू नये म्हणून शेण आणि झाडाचा डिंकतेलासारखा रस यांनी लिंपलेली. आपल्या सुपाला-कणगीला शेणाने लिंपायचे तसंच. मोठ्याने गाणी लावून होडी गरगर फिरवतात, ते नको असेल तर बसण्याआधी सांगा. सकाळी सातला शांत असतं.

वयस्कर मंडळींना झेपेल का?

जुनी पेठ सपाट आहे आणि दिवसाच्या बऱ्याच तासांत तिथे गाड्यांना बंदी असते, त्यामुळे चालायला सुख. जुन्या घरांचे जिने मात्र उभे आणि अरुंद. आईने एकही माडी चढली नाही, खालीच बसून चहा घेतला. दमलं की सायकलरिक्षा मिळते. हॉटेल पेठेच्या आत घेऊ नका, बाहेर पण चालत दहा मिनिटांवर घ्या. बॅगा दारापर्यंत येतात आणि रात्री शांतता मिळते.

समुद्र?

आन बांग किनारा सायकलने पंचवीस मिनिटं. वाटेत भातशेती आणि त्रा क्वे गावचे भाजीचे वाफे दिसतात, त्यासाठी तरी सायकल घ्याच.

सकाळी लवकर उठण्याएवढं खरंच काही आहे?

साडेपाचला बाहेर पडा. पिवळ्या भिंतींवर अजून ऊन आलेलं नसतं, कंदील विझलेले, रस्ता नुकता झाडलेला. नदीकाठच्या बाजाराशी पलीकडच्या बेटांवरून होड्या लागतात आणि शंकूच्या टोप्या घातलेल्या बायका सायकली, कोथिंबिरीच्या जुड्या आणि माशांच्या पाट्या घेऊन उतरतात. आई तिथे एका भाजीवालीसमोर उकिडवी बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आईने तुळशीसारखं काहीतरी उचलून वास घेतला, त्या बाईने पान चुरगाळून तिच्या तळहातावर ठेवलं आणि मग स्वतः चावून दाखवलं. जुडीचे पाच हजार डाँग झाले. ती जुडी आम्ही हॉटेलच्या खोलीत पाण्याच्या ग्लासात तीन दिवस ठेवली होती.